घरची मोटारसायकल कोणाची ?

या सदरांत आम्ही आजवर स्वयंपाकघरापासून मुलांच्या शिक्षणापर्यंत गृहस्थाश्रमाच्या अनेक अंगांचा विचार करीत आलों. आज एका निराळ्याच वस्तूची पाळी आहे. ही वस्तु पुष्कळ घरांतून हल्लीं दागिन्यांच्या डब्याइतकी जपली जाते, आणि तिच्यापायीं वडील माणसांची झोंप मात्र दागिन्यांहून अधिक उडते. आम्ही लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकलीविषयीं बोलत आहों. बाजारांतून भाजी आणण्याच्या दुचाकीहून ही वेगळी. टाकी मोठी, सीट रुंद, मागें सामान बांधावयास कॅरिअर, आणि दिवसाकाठीं तीन-चारशें किलोमीटर सहज कापण्याची ताकद. किंमतहि तशीच, दोन-तीन लाख रुपये त्यांत सहज जातात.

अशी गाडी मुलांना घेऊं द्यावी कीं नाहीं, हा वाद प्रत्येक घरीं आपापल्या परीनें होतच असतो. त्यांत आम्ही पडत नाहीं. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. गाडी एकदां दारीं आल्यावर ती कोणाची ? ज्यानें पैसे दिले त्याची, ज्याच्या नांवावर नोंदली त्याची, कीं जो चालवितो त्याची ? विभक्त बिऱ्हाडांत हे तिघे बहुधा एकच असतात. एकत्र कुटुंबांत मात्र ते तीन निराळे असूं शकतात, आणि नेमक्या याच फटींतून संकट आंत शिरतें.

ही फट कशी पडली हें समजण्यास थोडें मागें पाहिलें पाहिजे. मद्रासेस १९५५ सालीं एन्फील्ड बुलेटचा कारखाना निघाला. म्हैसुरास १९६१ पासून जावा गाड्या तयार होऊं लागल्या. आणि पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज कारखान्यांतून १९७२ सालीं चेतक स्कूटर बाहेर पडली. त्या काळीं नांव नोंदविल्यावर स्कूटर हातीं पडेपर्यंत कित्येकांची दहा-दहा वर्षें लोटत. साहजिकच नोंदणी घरच्या कर्त्या पुरुषाच्या नांवें होई. तोच ती चालवी, तोच रविवारीं पुशी, आणि इतरांनीं तिला हात लावावयाचा तर त्याची आज्ञा घ्यावी लागे. मालक, स्वार आणि राखणदार एकच होते. आज पैसे भरल्यावर थोड्याच दिवसांत गाडी दारीं येते. पण वडिलांच्या किंवा आजोबांच्या नांवें गाडी घेण्याचा प्रघात तसाच राहिला आहे. स्वार बदलला, कागद बदलला नाहीं.

गोंदियाच्या वेशीस लागून असलेल्या आमच्या कुडव्याहून वाटा चोहोंकडे फुटतात. उत्तरेस बालाघाट, पश्चिमेस तिरोडा-तुमसरवरून भंडारा आणि नागपूर, दक्षिणेस गोरेगांववरून कोहमारा आणि पुढें नवेगांवबांध, पूर्वेकडे आमगांव-सालेकशावरून दरेकसा आणि हाजरा धबधबा. नागझिऱ्याचें जंगलहि दूर नाहीं. २०१३ सालीं नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच्या आंत दुचाकीस मज्जाव असला, तरी दारापर्यंतचा रस्ताहि कांहीं कमी रमणीय नाहीं. अशा मुलुखांत तरुणांस प्रवासाच्या मोटारसायकलीची ओढ वाटली, तर त्यांत नवल तें काय !

येथल्याच एका परिचित घरची हकीगत सांगतों. घर मोठें आहे. आजोबा-आजी, दोन मुलगे, सुना आणि चार नातवंडें. थोरल्या नातवाच्या हौसेखातर गाडी आली. पैसे आजोबांच्या ठेवींतले, म्हणून आर. सी. बुकावर नांव आजोबांचें. त्यांची पंचाहत्तरी उलटलेली. त्यांनीं गाडीवर टांग टाकण्याचा प्रश्नच नव्हता. नातू नोकरीनिमित्त नागपुरास असतो. तो महिन्यांतून दोनदां येई आणि गाडी काढून फिरावयास जाई. मधल्या दिवसांत धाकटे काका तीच गाडी घेऊन राईस मिलवर जात. त्यांचा मुलगा ती कॉलेजास नेई. चेनला तेल कोणीं द्यावयाचें ? नातू म्हणे, “काका रोज नेतात, त्यांनीं पाहिलें असेल.” काका म्हणत, “ज्याची हौस तो पाहील.” धाकटा कांहींच म्हणत नसे.

एका कार्तिकांत देवरीहून आमगांवकडे परततांना, दिवस मावळल्यावर, दोहों बाजूंस जंगल असलेल्या ठिकाणीं ती कोरडी, सैल पडलेली चेन स्प्रॉकेटवरून उतरून अडकली आणि मागचें चाक एकाएकीं जाम झालें. रस्ता सरळ होता आणि वेग बेताचा होता, म्हणून नातू आणि मागें बसलेली त्याची बहीण खरचटण्यावर सुटलीं. तेथें फोन लागेना. घरीं आजी देव पाण्यांत घालून बसली. रात्रीं दहाच्या सुमारास एका टेम्पोंतून गाडी आणि नातवंडें घरीं आलीं.

दुसऱ्या दिवशीं घरांत विचारपूस झाली, तेव्हां दिसून आलें कीं कोणीहि मुद्दाम हयगय केली नव्हती. प्रत्येकानें दुसऱ्यावर भरंवसा ठेवला होता. आणि घरच्या माणसावर भरंवसा ठेवूं नये असें कोण म्हणेल? एकाचें उणें दुसऱ्यानें भरून काढावें, हें तर एकत्र कुटुंबाचें मोठें बळ. दुभती गाय, आजारी मूल, दारचा पाहुणा यांच्या बाबतींत तें बळ कामास येतें, कारण गाय हंबरते, मूल रडतें, पाहुणा हांक मारतो. चेन कोरडी पडली तरी प्रथम कांहींच बोलत नाहीं. आणि बोलूं लागते तेव्हां बहुधा वेळ निघून गेलेली असते.

म्हणून आमचें पहिलें सांगणें असें : घरांत चालविणारे कितीहि असोत, गाडीची निगा राखणारा एकच नेमावा, आणि तो शक्यतों तिच्यावरून लांबचा प्रवास करणारा असावा. तो गांवीं नसेल त्या काळापुरतें तें काम त्यानें दुसऱ्यावर नांव घेऊन सोंपवावें. गाडीच्या किल्लीजवळच एक लहानशी वही टांगावी. तींत तारीख, किलोमीटरचा आंकडा, काय केलें आणि कोणीं केलें, एवढ्या चार गोष्टी लिहाव्या. वर सांगितलेल्या घरीं आतां अशी वही आहे, आणि तींत सर्वांत वळणदार अक्षर आजोबांचें आहे. ते गाडी चालवीत नाहींत, पण ‘आज चेन पाहिली का ?’ हें विचारण्याचें काम त्यांनीं आपणाकडे घेतलें आहे.

त्या वहींत काय लिहावें, हें वाचकांस कळावें म्हणून चार मुख्य गोष्टी सांगतों.

पहिली चेन. बहुतेक गाड्यांस दर पांचशें किलोमीटरांच्या सुमारास, आणि पावसांत किंवा चिखलांत गाडी गेली असल्यास त्याच्याहि आधीं, चेन साफ करून तेल द्यावें लागतें. घांसलेटांत भिजविलेल्या फडक्यानें ती पुसावी, कोरडी होऊं द्यावी, मग गिअर ऑईल किंवा चेनचा स्प्रे आंतल्या बाजूनें लावून जास्तीचें पुसून टाकावें. खालच्या बाजूस मधोमध चेन वरखालीं किती हालते तें पाहावें. पुष्कळ गाड्यांत अडीच-तीन सेंटिमीटर ढील लागते; परंतु आपल्या गाडीचा खरा आंकडा तिच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेंतच पाहावा. सैल चेन उतरते आणि अति ताठ चेन बेअरिंग खाते. एक गोष्ट मात्र मुलांस बजावून सांगावी. एंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चाकावर तेल सोडण्याची जी चाल आहे, तींत बोटें तुटलेलीं आहेत. एंजिन बंद करावें आणि चाक हातानें फिरवावें.

दुसरी गोष्ट टायर. हवा सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं, टायर थंड असतांना पाहावी. वैशाखांत तापल्या सडकेवरून आल्यावर पाहिलेला आंकडा फसवा असतो. टायरच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. ३२२३ असें असेल तर तो टायर २०२३ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यांत तयार झाला. दुकानदार ‘नवा’ म्हणून देतो तो खरोखर किती नवा आहे, हें यावरून कळतें. प्रवासाची गाडी घेतांना चाकांचाहि विचार करावा. तारांचीं चाकें खड्ड्यांचा मार चांगला सोसतात, पण त्यांत बहुधा ट्यूब असते आणि पंक्चर झाल्यास सारें चाक काढावें लागतें. अलॉय चाकावरील ट्यूबलेस टायरचें पंक्चर चाक न काढतांच, चिकट दोरी खुपसून, दहा मिनिटांत बंद होतें. आमगांव-देवरीच्या रानांत हा फरक फार मोठा ठरतो.

तिसरी गोष्ट ऑईल. तें सपाट जागीं, गाडी सरळ उभी धरून पाहावें. साइड स्टॅंडवर कललेल्या गाडींत आंकडा खोटा दिसतो. काटकसरी घरांत होणारा एक घोटाळा येथें सांगितला पाहिजे. मोटारगाडीच्या सर्व्हिसिंगमधून उरलेलें ऑईल वायां कां घालवावें, म्हणून तें मोटारसायकलींत ओततात. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑईलांत भिजून चालतो. आणि मोटारीच्या पुष्कळ ऑईलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें असल्यामुळें क्लच घसरूं लागतो. डब्यावर ‘जासो एम. ए.’ अशी खूण असलेलेंच ऑईल, पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचें, घालावें.

चौथी गोष्ट ब्रेक. डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात हें सर्वांस ठाऊक असतें. पण नळींतील ब्रेक ऑईलहि जुनें होतें, हें थोड्यांस ठाऊक असतें. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. मग घाट उतरतांना ब्रेक तापून आंत वाफ धरली, तर लिव्हर नुसताच मऊ लागतो आणि गाडी थांबत नाहीं. साधारणतः दर दोन वर्षांनीं तें बदलावें. १२५ सी.सी.वरील नव्या गाड्यांस एप्रिल २०१९ पासून ए. बी. एस. सक्तीचें झालें आहे. पण तें केवळ चाक जाम होऊं देत नाहीं, झिजलेल्या पॅडांस दांत आणीत नाहीं.

गाडी बरेच दिवस पडून राहणार असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी. पेट्रोलांत आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतें. आषाढ-श्रावणांत अर्धवट भरलेली टाकी महिनोन् महिने तशीच ठेवूं नये. आठवड्यांतून एकदां वीस-पंचवीस मिनिटें गाडी बाहेर काढावी. त्यानें बॅटरीहि जिवंत राहते. धानाच्या कोठाराजवळ गाडी ठेवीत असाल, तर उंदरांनीं वायर कुरतडली नाहीं ना, हेंहि पाहावें.

हीं कामें मिस्त्री करील, आम्हीं कां हात काळे करावे, असें कोणी म्हणेल. अमेरिकेंत १९७४ सालीं रॉबर्ट पर्सिग यांचें ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत एक बाप आपल्या लहान मुलास मागें बसवून लांबच्या प्रवासास निघतो. बरोबरच्या मित्राजवळ मोलाची जर्मन गाडी आहे, पण तिचें हँडल ढिलें झालें असतां, रिकाम्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून तेथें बसवावी, ही साधी सूचना त्यास अपमानासारखी वाटते. गाडीवर बसणें त्यास प्रिय आहे. तिच्याकडे पाहणें नको आहे. असा स्वार आपल्याहि घरोघरीं आहे. मिस्त्र्याकडे जरूर जावें. परंतु मिस्त्री सहा महिन्यांतून एकदां गाडी पाहतो, आणि चेन त्याच्या तारखेची वाट पाहत नाहीं.

आतां कागदाकडे वळूं. कारण एकत्र कुटुंबांत खरा धोका येथेंच दडून बसला आहे. गाडीच्या विम्याबरोबर पंधरा लाख रुपयांचा जो वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे, तो ‘मालक-चालक’ याच्यासाठीं आहे. म्हणजे ज्याच्या नांवावर गाडी नोंदली आहे आणि ज्याच्याजवळ लायसन आहे, त्याच्याचपुरता. गाडी आजोबांच्या नांवावर आणि चालविणारा नातू, असें असेल, आणि नातू स्वतःच घसरून पडला, तर तो विमा त्याच्या बायकामुलांच्या उपयोगी पडत नाहीं. तिऱ्हाइताचा म्हणून जो विमा असतो, तोहि तिऱ्हाइतासाठींच. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालविणारा मालकाच्याच जागीं उभा राहतो, म्हणून त्याच गाडीच्या विमा कंपनीकडे त्यास तिऱ्हाइताप्रमाणें दावा सांगतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं एका खटल्यांत दिला. घरांत ‘माझें-तुझें’ नसतें. कायद्यांत मात्र असतें.

यास उपाय सोपा आहे. जो नेहमीं चालवितो त्याच्या नांवावर गाडी करून द्यावी. परिवहन कार्यालयांत नमुना २९ आणि ३० भरून हें काम होतें. मग विमाहि त्याच्या नांवें करून घेण्यास चौदा दिवसांच्या आंत अर्ज करावा, आणि वैयक्तिक अपघात विमा त्याच्या नांवें नव्यानें आहे ना, तें पाहावें. घरांतील इतर चालविणारांनीं आपापला स्वतंत्र अपघात विमा उतरावा. मागें बसणारासाठीं जादा हप्ता भरून संरक्षण मागून घ्यावें. पैसे देणाऱ्या वडिलांस यांत कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं. मुलीच्या लग्नांत दिलेलें सोनें आपल्या कपाटांत ठेवून कोणी मिरवीत नाहीं.

नांव बदलणें नसेलच, तर नोंदणींत वारसाचें नांव तरी लिहून ठेवावें. २०२१ पासून ती सोय झाली आहे. मालक वारल्यास गाडी वापरणाऱ्या वारसानें तीस दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें आणि तीन महिन्यांच्या आंत ती आपल्या नांवें करून घ्यावयाची असते. दिवंगत आजोबांच्या नांवें वर्षानुवर्षें गाडी चालविणारीं घरें आम्ही पाहतों. तें प्रेम नव्हे, गैरसोय आहे. आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं गाडी देणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें, कीं २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा अपराधास पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे, आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते.

मागें बसणारांचें काय ? सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत दुचाकीवरचीं ७४,८९७ होतीं. हेल्मेट नव्हतें अशीं ५०,०२९, आणि त्यांपैकीं १४,३३७ मागें बसलेलीं. हा शेवटचा आंकडा बायका, बहिणी आणि मुलें यांचा पुष्कळ अंशीं असणार, हें सांगावयास नको. घरांत स्वारासाठीं चार हजारांचें हेल्मेट येतें आणि मागच्या माणसासाठीं एकहि नसतें, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते. आय. एस. ४१५१ ही खूण पाहून दोन हेल्मेटें एकाच दिवशीं घ्यावीं. एकदां जोराचा आघात झालेलें हेल्मेट, वरून चांगलें दिसलें तरी, पुन्हां वापरूं नये. मागच्या चाकावरील साडी-गार्ड शोभा जाते म्हणून पुष्कळ मुलें काढून टाकतात. तें निदान अर्धें चाक झांकील असें असावें, असा नियमच आहे. पदर किंवा ओढणी चाकांत जाऊं नये म्हणून तें आहे. काढलें असेल तर आजच परत बसवावें.

आमच्या भागांतील रस्त्याचा स्वभावहि ऋतूप्रमाणें पालटतो. रोवणीच्या दिवसांत बांधींतून आलेले ट्रॅक्टर सडकेवर चिखल सांडून जातात आणि ओल्या डांबरावर तो लोण्यासारखा निसरडा होतो. पावसाळ्यांत ढोरें कोरडी जागा म्हणून रात्रीं सडकेवरच बसतात. दिवाळीच्या मागेंपुढें धान कापलें कीं तणसाचे भारे घेऊन दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारांत उभ्या असतात. पौषांत तलावांवरून उठलेलें धुकें सकाळीं आठपर्यंत हटत नाहीं. आणि जंगलपट्ट्यांत एक चितळ रस्ता ओलांडून गेलें तर मागून दुसरें येणारच, असें समजावें. यासाठीं घरचा एकच नियम पुरे : दिवस मावळल्यावर लांबचा पल्ला नाहीं. उशीर झाला तर वाटेंत मुक्काम करावा आणि घरीं कळवावें. आणि घरच्यांनींहि ‘आजच्या आज ये’ असा आग्रह धरूं नये. रागावणाऱ्या घरीं वेळेवर पोंचण्याच्या घाईनें पुष्कळ वेग वाढलेला असतो.

दसऱ्यास आपण गाडी धुतों, झेंडूची माळ घालतों, हळदकुंकू वाहतों. त्याच्या आदल्या दिवशीं सकाळीं, घरांतील जेवढे ती चालवितात तेवढ्यांनीं मिळून चेन, टायर, ऑईल आणि ब्रेक पाहावे, वहींत लिहावें, आणि आर. सी. बुक व विम्याचे कागद पेटींतून काढून त्यांवर कोणाचें नांव आहे तें मोठ्यानें वाचावें. तें नांव आणि गाडीवर बसणाऱ्याचें नांव एक नसेल, तर दसऱ्यानंतर कार्यालय उघडेल त्या दिवशीं पहिलें काम तेंच करावें.